रक्त जुळत नसेल तर पिशवीमागं पळू नका, आधी रक्तपेढीतला डॉक्टर गाठा

गारगोटी (प्रतिनिधी) : "अर्जंट बी पॉझिटिव्ह पाहिजे, सीपीआर, खालील नंबरवर फोन करा." असा मेसेज महिन्यातनं दोन-चार वेळा तरी आपल्या गावच्या ग्रुपवर येतोच. आपण तो पुढं पाठवतो. पोरं गाडी काढून निघतात. बऱ्याच वेळा काम होतं. पण कधी कधी गटाची पिशवी समोर असते, दाते दारात उभे असतात, तरी रक्त मिळत नाही. रक्तपेढीतनं एकच उत्तर येतं, "जुळत नाही." अशा वेळी कुणाला भेटायचं, कुणाला फोन करायचा, याची माहिती आपल्या भागात फारशी कुणाला नसते. आमच्या घरातही नव्हती.

तीन वर्षांमागची गोष्ट. ऐन गळीत हंगाम, ऊसतोड चालू. माझ्या चुलतभावाची बायको तिसऱ्या बाळंतपणाला शहरातल्या एका खासगी दवाखान्यात होती. बाळंतपणानंतर रक्त फार गेलं, हिमोग्लोबिन पाचावर आलं. गट बी पॉझिटिव्ह, म्हणजे सहज मिळणारा. पहिल्या रक्तपेढीत सँपल दिलं, तासाभरानं सांगितलं, जुळत नाही. दुसरीकडं गेलो, तिकडंही तेच. आम्हाला वाटलं, ह्यांच्याकडं माल नाही म्हणून टोलवतायत. गावात फोन केला. रात्री दोनला ट्रॅक्स भरून तालमीची पोरं आली, त्यातली चौघं बी पॉझिटिव्ह. चुलती दवाखान्याच्या पायरीवर बसून एकच म्हणत होती, "आता कुठनं आणायचं रं रगत?"

तिसऱ्या रक्तपेढीतल्या टेक्निशियननं मात्र आम्हाला परत पाठवलं नाही. त्यानं त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि डॉक्टर पहाटे स्वतः आले. त्यांनी भावाला दोनच प्रश्न विचारले. "यांना याआधी कधी रक्त दिलं होतं का? बाळंतपणं किती झाली?" भावाला आठवलं, दुसऱ्या बाळंतपणात तालुक्याला दोन पिशव्या लावल्या होत्या. ही गोष्ट आम्ही कुणाला सांगितली नव्हती, कारण आधीच्या दोन ठिकाणी ती कुणी विचारलीच नव्हती.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. आधीच्या रक्तामुळं किंवा बाळंतपणामुळं वहिनीच्या अंगात एक अँटिबॉडी तयार झाली होती. ती बऱ्याच बी पॉझिटिव्ह पिशव्यांना नको म्हणत होती. त्यांनी अँटिबॉडी कुठली ते शोधायला लावलं, शिल्लक पिशव्या एकेक करून तपासल्या. १४ पिशव्यांतल्या ३ जुळल्या. दुपारी रक्त चढलं. वहिनी आणि बाळ आज दोघंही ठणठणीत आहेत. पण आमचे रात्रीचे सहा तास चुकीच्या गोष्टीमागं गेले. आम्ही पिशवी शोधत होतो, शोधायला पाहिजे होता डॉक्टर.

म्हणून ही माहिती. वेळ यायच्या आधी वाचून ठेवा.

हा डॉक्टर नक्की कोण?

आपल्याकडं रक्ताशी संबंध असलेले तीन-चार प्रकारचे डॉक्टर असतात आणि सगळ्यांची गल्लत होते.

पॅथॉलॉजिस्ट म्हणजे रक्त, लघवी, गाठीचा तुकडा तपासून रोग सांगणारा डॉक्टर. आपल्या लॅबच्या रिपोर्टवर सही असते ती याची. पदवी एमडी पॅथॉलॉजी, किंवा डीसीपी नावाचा डिप्लोमा.

हिमॅटॉलॉजिस्ट म्हणजे रक्ताच्या आजारावर औषधोपचार करणारा डॉक्टर. रक्ताचा कॅन्सर, थॅलेसेमिया, हिमोफिलिया असे रुग्ण याच्याकडं जातात.

ट्रान्सफ्यूजन मेडिसिनचा तज्ज्ञ म्हणजे एकाचं रक्त दुसऱ्याला सुरक्षित कसं द्यायचं, याचंच शिक्षण घेतलेला डॉक्टर. एमबीबीएसनंतर तीन वर्षांचा एमडी अभ्यासक्रम असतो. पदवीपुढं 'ट्रान्सफ्यूजन मेडिसिन' किंवा 'आयएचबीटी' असं लिहिलेलं असतं. आयएचबीटी म्हणजे इम्युनोहिमॅटॉलॉजी अँड ब्लड ट्रान्सफ्यूजन. डीएनबी ही पदवीही या विषयात असते.

रक्त संक्रमण अधिकारी हे मात्र पदाचं नाव आहे. सरकारी रक्तपेढीत जबाबदार डॉक्टरला असं म्हणतात, इंग्रजीत बीटीओ. हा अधिकारी वरच्यापैकी पॅथॉलॉजिस्ट असेल किंवा ट्रान्सफ्यूजनचा एमडी असेल. आपल्याला फोनवर विचारायचं ते याच पदाला.

हा डॉक्टर आपल्याला दिसत नाही, कारण त्याची ओपीडी सहसा नसते. बाहेर पाटी नाही, नंबर लावायची खिडकी नाही. रक्तपेढीच्या काचेच्या आत तो असतो आणि आपण बाहेरच्या टेबलावर फॉर्म देऊन परत फिरतो.

कायदा काय सांगतो?

रक्त हे कायद्यानं औषधात धरलं जातं. त्यामुळं रक्तपेढीला औषध व सौंदर्य प्रसाधनं कायदा, १९४० आणि त्याखालचे १९४५ चे नियम लागू होतात. परवाना अन्न व औषध प्रशासन आणि केंद्राचं औषध नियंत्रण खातं मिळून देतात. २०२० पासून नियमात 'ब्लड बँक' ऐवजी 'ब्लड सेंटर' म्हणजे रक्तकेंद्र हा शब्द आला. त्यामुळं काही पाट्यांवर रक्तपेढी, काहींवर रक्तकेंद्र दिसेल. दोन्ही एकच.

नियमानुसार प्रत्येक रक्तकेंद्रात पात्र वैद्यकीय अधिकारी असावाच लागतो. पात्रता तीन प्रकारे होते. एक, पॅथॉलॉजी किंवा ट्रान्सफ्यूजन मेडिसिनमधली एमडी. दोन, एमबीबीएस आणि यातल्याच विषयाचा डिप्लोमा. तीन, एमबीबीएस आणि रक्तपेढीतला ठरावीक काळाचा अनुभव. याचा अर्थ असा, की प्रत्येक रक्तपेढीत ट्रान्सफ्यूजनचा एमडी असेलच असं नाही. तो नसला म्हणून ती रक्तपेढी बेकायदा ठरत नाही आणि रोजचं साधं काम तिथंही नीट होतं. पण अवघड केस आली की तज्ज्ञ कुठं बसतो, हे माहीत पाहिजे.

हा विषय स्वतंत्रपणे शिकवायला जोर मिळाला तो सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं. 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर ४ जानेवारी १९९६ रोजी निकाल लागला. त्यात राष्ट्रीय आणि राज्य रक्त संक्रमण परिषदा काढायला सांगितलं, पैसे घेऊन रक्त विकणारे दाते दोन वर्षांत बंद करायला सांगितलं आणि या विषयाचे पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू करण्यासाठी पावलं उचलायलाही सांगितलं. त्याआधी हे काम बहुतेक करून पॅथॉलॉजीवालेच सांभाळत. आजही जिल्ह्यांच्या ठिकाणी बऱ्याच जागी तेच सांभाळतात.

एवढ्यासाठी वेगळा तज्ज्ञ कशाला?

गट म्हटलं की आपल्याला ए, बी, एबी, ओ आणि पॉझिटिव्ह-निगेटिव्ह एवढंच माहीत असतं. तांबड्या पेशीवर याशिवाय शेकडो खुणा असतात. बहुतेक वेळा त्या आडव्या येत नाहीत. आल्या की साध्या गटाच्या चिठ्ठीवर काम भागत नाही.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलंच आहे. १९५२ साली मुंबईत सेठ गो. सु. वैद्यकीय महाविद्यालय आणि केईएम रुग्णालयातल्या डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे रुग्ण आढळले, ज्यांना नेहमीचं कुठल्याच गटाचं रक्त जुळेना. तपासाअंती हा वेगळाच प्रकार निघाला. त्याची माहिती 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. जगभर त्याला आज 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणतात. भारतात साधारण दहा हजारात एक असं याचं प्रमाण सांगितलं जातं. महाराष्ट्र आणि कर्नाटकात अशी माणसं तुलनेनं जास्त सापडली आहेत.

यातली खरी अडचण अशी, की वरवरच्या तपासणीत हा माणूस 'ओ' गटाचा दिसतो. पण त्याला साधं ओ रक्त दिलं तर ते अंगात फुटतं. जिवावर बेततं. रक्तपेढीत गट दोन बाजूंनी तपासतात, एकदा पेशींचा आणि एकदा वरच्या पिवळ्या पाण्याचा, म्हणजे सीरमचा. दुसरी तपासणी ओ पेशी घालून नीट केली तरच हा गट पकडला जातो. म्हणून दुकानवजा लॅबमधल्या गटाच्या कार्डावर रक्त लावत नाहीत. रक्तपेढी पुन्हा सँपल मागते. ते मागितलं म्हणून चिडू नका.

मे २०२४ मध्ये हेच मध्य प्रदेशात घडलं. एका महिलेला शस्त्रक्रियेच्या वेळी ओ पॉझिटिव्ह समजून रक्त दिलं गेलं, तिची तब्येत ढासळली, किडनीवर परिणाम झाला. पुढं तिचा गट बॉम्बे असल्याचं समोर आलं. इंदूरच्या सरकारी महाराजा यशवंतराव रुग्णालयाच्या ट्रान्सफ्यूजन मेडिसिन विभागानं धावपळ केली. शिर्डीचा एक फुलविक्रेता ४०० किलोमीटरच्या आसपास मोटारीनं प्रवास करून इंदूरला रक्त द्यायला गेला. बातम्यांत त्या दात्याचं कौतुक झालं, व्हायलाच पाहिजे. पण आधी कुणीतरी गट नेमका ओळखला, म्हणून तो दाता कामाला आला.

कुणाला या डॉक्टरची गरज लागते?

खालीलपैकी काही असेल तर "पिशवी आहे का?" एवढं विचारून थांबू नका. रक्तपेढीतल्या डॉक्टरशी बोलणं करून घ्या.

१. क्रॉसमॅच दोनदा जुळला नाही.

२. पेशंटला आधी रक्त दिलेलं आहे, किंवा बाई दोन-तीन वेळा गरोदर राहिली आहे (पडलेली गर्भधारणाही धरायची), आणि आता पुन्हा रक्त लागणार आहे.

३. आई निगेटिव्ह आणि नवरा पॉझिटिव्ह. अशा बाईची गरोदरपणात 'इनडायरेक्ट कूम्ब्स' तपासणी करावी लागते. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन द्यायचं असतं. गर्भपात झाला तरी डॉक्टरांना हे विचारायचं. हे इंजेक्शन चुकलं की त्रास पुढच्या बाळाला होतो.

४. घरात थॅलेसेमियाचं मूल आहे. त्याला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं. सुरुवातीलाच त्याच्या बारीक खुणांची नोंद करून घेतली तर पुढं जुळवणं सोपं जातं.

५. आधी रक्त लावताना थंडी, ताप, धाप असा त्रास झाला होता.

६. गटाचे दोन रिपोर्ट दोन प्रकारचे आले.

७. डेंग्यूत प्लेटलेट लावायच्या की नाही, साध्या लावायच्या की मशीनवरच्या एका दात्याच्या, असा प्रश्न आहे. नुसता आकडा बघून घाबरून पिशव्या गोळा करायच्या नसतात. रक्तस्राव आहे का, हे बघून डॉक्टर ठरवतात.

शोधायचा कसा? पायरी पायरीनं

पहिली पायरी : तुमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना सांगा. "साहेब, रक्तपेढीच्या बीटीओंशी तुम्ही स्वतः एकदा बोला." डॉक्टर डॉक्टरशी बोलला की निम्मं काम तिथंच होतं. नातेवाईक मधे निरोप पोचवतात तेव्हा अर्धा निरोप वाटेत पडतो. मोठ्या डॉक्टरला असं सांगायला संकोच वाटतो, पण त्यात त्यांचा अपमान होत नाही.

दुसरी पायरी : रक्तपेढीला फोन लावा आणि हे चार प्रश्न विचारा.

"तुमच्याकडं बीटीओ कोण आहेत आणि आत्ता ते आहेत का? नसले तर फोनवर मिळतील का?"

"तुमच्याकडं अँटिबॉडी स्क्रीनिंग होतं का? अँटिबॉडी कुठली ते ओळखता येतं का?"

"होत नसेल तर तुम्ही सँपल कुठं पाठवता?"

"रिपोर्ट यायला किती वेळ लागतो?"

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात कामाचं. प्रत्येक रक्तपेढीला आपल्या वरचं ठिकाण माहीत असतं. तज्ज्ञाचा पत्ता तिथनंच मिळतो.

तिसरी पायरी : ई-रक्तकोश बघा. केंद्र सरकारचं हे संकेतस्थळ २०१६ साली सुरू झालं. मोबाईलवर राज्य, जिल्हा, गट निवडला की जवळची रक्तकेंद्रं, त्यांचे फोन आणि शिल्लक पिशव्या दिसतात. आकडा कधी भरलाय ते तपासा. शिळा असेल तर फोन करूनच निघा. पिशव्यांपेक्षा रक्तकेंद्रांची यादी म्हणून याचा जास्त उपयोग आहे.

चौथी पायरी : वैद्यकीय महाविद्यालय गाठा. मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात रक्तपेढी असते आणि शिकवणारे वरिष्ठ डॉक्टर असतात. तज्ज्ञ सापडण्याची शक्यता तिथं सगळ्यात जास्त.

पाचवी पायरी : पदवीची खात्री करायची असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर डॉक्टरचं नाव किंवा नोंदणी क्रमांक टाकून बघता येतं. रक्तकेंद्राचा परवानाही बघायला मागता येतो. ही पायरी निवांत वेळी करायची, रात्री दोनला नाही.

कुठल्या तालुक्यानं कुठं बघायचं?

करवीर, कागल, पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड : आपल्याला कोल्हापूर शहरच जवळ. सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे सर्वोपचार रुग्णालय हे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं आहे आणि तिथं रक्तपेढी आहे. कदमवाडीला डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. शहरात ट्रस्टच्या रक्तपेढ्याही आहेत.

हातकणंगले, शिरोळ : कोल्हापूर आणि मिरज दोन्ही हाताशी. मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि मिरजेची वैद्यकीय परंपरा जुनी आहे.

चंदगड, आजरा, गडहिंग्लज : चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या वर, बेळगाव त्याच्या निम्म्याहून कमी. बरेच पेशंट बेळगावलाच जातात. तिथं सरकारी आणि केएलई अशी दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. ई-रक्तकोशवर बघताना राज्य कर्नाटक निवडायचं, हे बरेच जण विसरतात.

तालुक्याच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात कुठं कुठं रक्त साठवण केंद्र असतं. ते रक्तपेढीसारखं रक्त गोळा करत नाही. मोठ्या रक्तकेंद्राकडनं तपासलेल्या पिशव्या आणून फ्रीजमध्ये ठेवतं. साध्या बाळंतपणाला, अपघाताला त्याचा मोठा आधार आहे. पण अवघड केस तिथं सुटणार नाही. तिथल्या कर्मचाऱ्याला विचारून ठेवा, "तुमचं मदर ब्लड सेंटर कुठलं?"

कुठल्या रक्तपेढीत आज कोण डॉक्टर आहेत, त्यांची नावं इथं मुद्दाम देत नाही. बदल्या होतात, माणसं नोकरी सोडतात. नाव जुनं होतं, पदाचं नाव जुनं होत नाही. बीटीओ विचारा.

पावसाळ्याचं एक. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पुणे-बेंगळुरू महामार्गसुद्धा बंद पडला होता. पंचगंगेच्या अलीकडं-पलीकडं माणसं अडकली. घरात गरोदर बाई किंवा थॅलेसेमियाचं मूल असेल तर जूनमध्येच दोन दिशांची दोन ठिकाणं ठरवून ठेवा.

जिल्ह्यात उत्तर मिळालंच नाही तर शेवटचं ठिकाण मुंबई. परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची ही संस्था १९५७ साली रक्तगटाचं संदर्भ केंद्र म्हणून सुरू झाली. दुर्मिळ गटाच्या दात्यांची नोंदही तिथं ठेवली जाते. पण आपण पेशंट घेऊन थेट तिकडं निघायचं नसतं. सँपल पाठवायचं की नाही, ते इथला रक्तपेढीचा डॉक्टर ठरवतो.

जाताना सोबत काय न्यायचं?

डॉक्टरची सही असलेला रक्तमागणीचा फॉर्म. त्यावर पेशंटचं पूर्ण नाव, वय, वॉर्ड, आजार, हिमोग्लोबिन.

सँपलच्या बाटलीवर त्याच पेशंटचं नाव आणि नंबर आहे का, ते आपल्या डोळ्यांनी बघा. एका वॉर्डात दोन सुनीता पाटील असू शकतात. चुकीचं रक्त जाण्याची मोठी कारणं अशीच साधी असतात. नावाची, लेबलची.

जुने कागद : याआधी कधी, कुठं, किती पिशव्या लावल्या, त्रास झाला का, बाळंतपणं किती.

अँटिबॉडी सापडली असेल तर त्याचा रिपोर्ट. हा कागद जन्मभर जपायचा. आधार कार्डासारखा फोटो काढून घरच्या दोघा-तिघांच्या मोबाईलमध्ये ठेवायचा. काही वर्षांनी ही अँटिबॉडी तपासणीत दिसेनाशी होते आणि चुकीचं रक्त गेलं की पुन्हा उसळते. तेव्हा हा कागदच वाचवतो. आमच्या वहिनीच्या कागदाला भावानं लॅमिनेशन करून घेतलंय.

पैसे किती?

रक्त विकता येत नाही. घेतात तो तपासणी आणि साठवणुकीचा खर्च. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेनं २०२२ साली ठरवलेले दर लाल पेशींच्या पिशवीला सरकारी ठिकाणी ११०० रुपये आणि खासगी किंवा ट्रस्टच्या ठिकाणी १५५० रुपयांपर्यंत आहेत. अँटिबॉडी स्क्रीनिंग, नॅट अशा जादा तपासण्यांचे पैसे वेगळे लागू शकतात, ते आधी विचारा. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल या रुग्णांना रक्त मोफत देण्याची तरतूद आहे, त्याचा कार्ड-दाखला सोबत न्या. पावती प्रत्येक वेळी घ्या. दवाखान्याच्या गेटवर कुणी "रक्त जमवून देतो, एवढे द्या" म्हणाला तर त्याच्या नादी लागू नका. तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात किंवा राज्य रक्त संक्रमण परिषदेकडं करता येते.

पिशवी आणताना आणि लावताना

लाल पेशींची पिशवी २ ते ६ अंश तापमानात ठेवतात. रक्तपेढी देईल त्या डब्यातनंच आणा. बर्फ पिशवीला थेट लागू देऊ नका. मोटरसायकलच्या डिकीत, जॅकेटमध्ये किंवा घरच्या फ्रीजमध्ये ठेवू नका. वाटेत जेवायला थांबू नका. आणल्या आणल्या नर्सच्या हातात द्या. गार लागते म्हणून उन्हात किंवा गरम पाण्यात पिशवी धरू नका. प्लेटलेटचं उलटं, त्या २० ते २४ अंशात हलत्या ठेवाव्या लागतात, फ्रीजमध्ये घालायच्या नाहीत.

लावण्याआधी नर्स नाव, गट, पिशवीचा नंबर, मुदत मोठ्यानं वाचते. तुम्हीही कान द्या. पहिली पंधरा मिनिटं पेशंटजवळ कुणीतरी बसाच. थंडी भरली, ताप आला, कंबर किंवा छाती दुखली, धाप लागली, अंगावर गांधी उठल्या, लघवी लाल झाली, तर लगेच हाक मारा. रक्त थांबवलं जाईल. पिशवी कचऱ्यात टाकू देऊ नका, ती आणि पेशंटचं नवीन सँपल रक्तपेढीच्या डॉक्टरकडं परत गेलं पाहिजे. चूक कुठं झाली ते त्यातनंच कळतं. अशा घटनांची देशपातळीवर नोंद ठेवायला डिसेंबर २०१२ पासून 'हिमोव्हिजिलन्स' कार्यक्रम चालू आहे.

"घरच्याचंच रक्त द्या" हा हट्ट

गावात अजून समज आहे, की सख्ख्या भावाचं, पोराचं रक्त सगळ्यात चांगलं. रक्तपेढीचे डॉक्टर याच्या उलट सांगतात. जवळच्या नात्यातलं रक्त थेट दिलं तर क्वचित, पण फार गंभीर असा एक आजार होऊ शकतो. तसं द्यायचंच झालं तर त्या पिशवीवर किरणांची प्रक्रिया करावी लागते. अजून मुलं व्हायची असतील तर नवऱ्याचं रक्त बायकोला शक्यतो देत नाहीत, पुढच्या गर्भाला त्रास होऊ शकतो. तुम्ही रक्त जरूर द्या. ते दुसऱ्या कुणाला तरी लागेल आणि तुमच्या माणसाला तपासलेली जुळती पिशवी मिळेल.

आजच करायची तीन कामं

घरातल्या प्रत्येकाला आधी कधी रक्त लावलंय का, ते एका वहीत लिहून ठेवा. आपल्या बाजूच्या दोन रक्तपेढ्यांचे फोन आणि त्यापुढं 'बीटीओ' असा शब्द मोबाईलमध्ये सेव्ह करा. गावातल्या गरोदर बायकांपैकी निगेटिव्ह गटाच्या कोण, हे आशाताईंना विचारा. त्यांच्या घरी जाऊन ७२ तासांच्या इंजेक्शनचं सांगा.

आणि पुढच्या वेळी ग्रुपवर "रक्त पाहिजे" असा मेसेज आला, तर पुढं पाठवण्याआधी त्या नंबरवर फोन करून एकच विचारा. "रक्त शिल्लक नाही, का जुळत नाही?" शिल्लक नसेल तर पोरं पाठवा. जुळत नसेल तर त्यांना सांगा, रक्तपेढीतल्या डॉक्टरला उठवा. त्या पहाटे एक डॉक्टर उठून आले, म्हणून आमच्या घरात आज ते पोर अंगणात खेळतंय.